फुलांचा चहा घरी नीट का होत नाही: मातकट रंग, बुळबुळीतपणा, बुरशी आणि उडालेला वास

परसातल्या जास्वंदीचा चहा मातकट जांभळा होतो आणि विकतच्या पाकिटातला मात्र लालबुंद, आंबट. गोकर्णीचा निळा चहा पहिल्या आठवड्यात सुरेख जमतो, महिन्याभराने त्याच बरणीतून कुबट वास येतो. गुलाबाच्या पाकळ्या सुकवून उकळल्या की वाळल्या गवताची चव लागते. असं झालं की लोक पाणी जास्त उकळून बघतात, मग कमी उकळून बघतात. पण बहुतेकदा गडबड गॅसपाशी पोचायच्या आधीच झालेली असते. फूल चुकीचं असतं, सुकवण अर्धवट असते, नाहीतर नळाला येणारं पाणीच रंग मारतं.

जास्वंदीचा चहा लाल आणि आंबट होतच नाही

तो तसा होणारही नाही, कारण पाकिटावर 'हिबिस्कस टी' लिहिलेलं असलं तरी आत जास्वंद नसते. आत असते लाल अंबाडी. दोन्ही झाडं एकाच कुळातली, त्यामुळे इंग्रजी नाव एकच पडलं आणि घोळ झाला. इजिप्त-सुदानात जे करकडे म्हणून पितात, मेक्सिकोत आग्वा दे हमायका म्हणून पितात, ते याच लाल अंबाडीचं पेय. विदर्भात तर अंबाडीचं सरबत आणि चटणी घरोघरी ठाऊक आहे. तीच चहाची खरी वस्तू.

यातही पाकळ्या वापरायच्या नसतात. पिवळसर फूल एका दिवसात कोमेजतं. त्यानंतर बोंडाभोवतीची निदलं, म्हणजे फुलाच्या बुडाची वाटी, फुगून मांसल, गडद लाल होतात. फूल गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत, निदलं बोटाने मोडली की कट् आवाज येतो तेव्हा ती तोडायची. महाराष्ट्रात हा काळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. उशीर केला की निदलं चिवट होतात. देठाकडची बाजू गोल कापायची, मागून बोटाने किंवा पोकळ नळीने दाब दिला की आतलं हिरवं बोंड बाहेर येतं. बोंडावर बारीक लव असते, हाताला खाजते आणि चहात उतरली तर घशाला खवखवते. म्हणून बोंड काढल्यावर निदलं एकदा पाण्यातून काढायची. ओल्या दहा किलो निदलांची सुकून साधारण एक किलो होतात, हे धरूनच तोडणी करावी.

प्रमाण: 200 मिली पाण्याला दीड ते दोन ग्रॅम सुकी निदलं, म्हणजे मध्यम आकाराची चार-पाच. पाणी उकळून गॅस बंद करायचा, निदलं टाकायची, झाकण ठेवून 5 मिनिटं. दहा मिनिटं ठेवली तर रंग फारसा वाढत नाही, फक्त आंबटपणा दातांना झोंबतो आणि तोंड कोरडं पडतं. हा अर्क चांगलाच आम्ल असतो. म्हणून अॅल्युमिनियमचं पातेलं, कल्हई उडालेलं पितळेचं भांडं किंवा तांब्याचा गडू यात तो करू नये. लोखंडी भांड्यात तर रंगही काळपट होतो. स्टील, काच, चिनी माती, एवढंच. आणि दूध घालायचं नाही, तत्काळ फाटतं.

हाताशी फक्त जास्वंद असेल तरी चहा करता येतो, पण त्याच्याकडून आंबटपणाची अपेक्षा नको. तो चवीला सौम्य, जवळजवळ बेचवच असतो. पाच पाकळ्यांची साधी गावठी लाल जास्वंद सर्वात जास्त रंग देते. पिवळ्या, पांढऱ्या, फिक्या गुलाबी संकरित जाती कुंडीत छान दिसतात, कपात काहीच उतरत नाही. एका कपाला चार-पाच फुलांच्या पाकळ्या घ्याव्यात. लाल रंग हवा तर शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस. त्याशिवाय तो येत नाही.

रंग राखाडी, हिरवट किंवा तपकिरी पडतो

हा पाण्याचा दोष. या फुलांमधली रंगद्रव्यं, अँथोसायनिन, पाण्याच्या सामूप्रमाणे (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याप्रमाणे) रंग बदलतात. आम्ल पाण्यात लाल, मध्ये जांभळी-निळी, अल्कधर्मी पाण्यात हिरवट. अल्क जास्त असेल तर ती मोडतात आणि तपकिरी गढूळपणा उरतो.

दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं. ओळखायला प्रयोगशाळा नको. गिझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. असं पाणी उकळलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू आणखी वर चढतो. म्हणजे 'जरा जास्त उकळू या' हा उपाय इथे उलटाच पडतो. शहरात नळाला धरणाचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं, अशी ये-जा असेल, तर तीच फुलं मार्चमध्ये लाल आणि मेमध्ये राखाडी चहा देतात. मग दोष फुलांच्या दुकानदाराला लागतो.

तपासायचं असेल तर एकाच वेळी दोन कप करा. एक रोजच्या पाण्याचा, एक आरओ फिल्टरच्या पाण्याचा. रंगात फरक पडला तर कारण सापडलं. आरओ नसेल तर क्षाराच्या पाण्यात फुलं टाकायच्या आधीच लिंबाचे सात-आठ थेंब टाकावेत. रंग मोडल्यानंतर लिंबू पिळलं तर तो पूर्ण परत येत नाही.

गोकर्णीचं गणित वेगळं. तिचा निळा रंग अँथोसायनिनमध्ये तसा टिकाऊ, साध्या पाण्यात तो निळाच राहतो. लिंबू पडलं की जांभळा, बरंच पडलं की गुलाबीकडे. निळा हवा असेल तर लिंबू नको, आणि पाणी जड नको, नाहीतर शेवाळी झाक येते. मधही किंचित आम्ल असतो, तो घातल्यावर रंग जरा जांभळा झाला तर मध भेसळीचा आहे असा निष्कर्ष काढू नये. गुळाने रंग मातकट होतो तो मात्र गुळाच्या स्वतःच्या रंगाने.

चहा शेंबडासारखा बुळबुळीत होतो

शब्द बरा नाही, पण तक्रार नेमकी हीच असते. जास्वंदीच्या पाकळ्यांत आणि त्याहून जास्त पानांत चिकट द्रव्य असतं. केसांना लावायला जास्वंदीची पानं चेचतात ती याच बुळबुळीसाठी. ताज्या पाकळ्या पाच-सात मिनिटं खदखदा उकळल्या आणि वर गाळताना चमच्याने दाबून पिळल्या की ते सगळं कपात येतं.

ताजी फुलं वापरायचीच असतील तर खालची हिरवी वाटी आणि मधला परागांचा लांब दांडा काढून टाकावा. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबावं, मग पाकळ्या टाकून तीन ते चार मिनिटांत गाळावं. गाळणीत उरलेला चोथा दाबायचा नाही, तो आपोआप निथळू द्यायचा. सुकवलेल्या पाकळ्यांचा त्रास याहून कमी. लिंबाने दाटपणा थोडा उतरतो. इतकं करूनही चिकट वाटलं तर पाकळ्या निम्म्या करा, वेळ वाढवू नका.

बरणीत बुरशी, कुबट वास, किडे

सर्वात जास्त नुकसान इथे होतं.

ताज्या फुलात वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के पाणी असतं. पाकळ्यांचा पातळ भाग दोन दिवसांत कागदासारखा होतो, हाताला कोरडा लागतो आणि लोक बरणी भरतात. पण गोकर्णीच्या देठाजवळची हिरवी टोपी, गुलाबाचं बूड, शेवंतीची गादी अजून ओली असते. बंद बरणीत ते पाणी हळूहळू कोरड्या पाकळ्यांमध्ये पसरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशी धरते. म्हणून पाकळीकडे बघून फूल सुकलं असं ठरवू नये. फुलाचा सर्वात जाड भाग दोन बोटांत धरून मोडावा. तो कट्कन तुटला तर फूल सुकलं. वाकला, चिवट लागला, तर परत चाळणीवर.

याहून पक्की पद्धत वजनाची. सगळा साठा किचनच्या काट्यावर तोलून आकडा लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावा. वजन घटलं तर अजून पाणी निघतंय. सलग दोन दिवस आकडा हलला नाही की थांबावं. 100 ग्रॅम ताज्या गोकर्णीचे शेवटी 10 ते 15 ग्रॅम उरले पाहिजेत. 20 ग्रॅमच्या वर असतील तर घाई झाली.

सुकवायचं सावलीत, एकेरी थरात, सुती कापडावर किंवा वेताच्या सुपात, वारा खेळता हवा. कडक उन्हात फुलं लवकर सुकतात पण रंग विटतो आणि गुलाबाचा वास जातो. अंबाडीची निदलं जाड असल्यामुळे त्यांना थोडं ऊन चालतं, वरून पातळ कापड टाकून. कोरड्या हवेत गोकर्ण दोन-तीन दिवसांत होते, गुलाबाच्या सुट्या पाकळ्या तीन-चार दिवसांत, अंबाडीला आठवडा लागतो.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात हे वेळापत्रक विसरावं. हवेतच एवढी आर्द्रता असते की फूल एका मर्यादेपुढे सुकतच नाही, पंख्याखाली आठ दिवस ठेवा नाहीतर पंधरा. तिथे उष्णता हवीच. डीहायड्रेटर असेल तर पातळ फुलांना 40 ते 45 अंशांवर चार ते सहा तास, अंबाडीला 50 ते 55 अंशांवर आठ-दहा तास. घरचा ओटीजी बहुधा 60 अंशांच्या खाली येत नाही, तेव्हा दार बोटभर उघडं ठेवून, दर वीस मिनिटांनी बघत राहावं. रात्रभर एसी चालणारी खोली असेल तर तिथे कापडावर पसरलेली फुलं बरीच चांगली सुकतात, एसी हवेतलं पाणी ओढून घेतोच. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये, कडा जळतात आणि बूड ओलंच राहतं.

सुकलेली फुलं गार झाल्यावरच काचेच्या बरणीत, तीन चतुर्थांश भरून. पहिला आठवडा रोज बरणी हलवावी आणि उजेडाकडे धरून बघावी. काचेला आतून धुकं दिसलं, फुलं गठ्ठ्याने सरकली, तर बाहेर काढून पुन्हा सुकवायची. फुलं सुटी खुळखुळत राहिली तर आठवड्यानंतर कपाटात, अंधारात. सिलिका जेलची पुडी ठेवायची असेल तर खाद्यपदार्थांसाठीची, पांढऱ्या दाण्यांची घ्यावी. निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये सहसा कोबाल्टचं क्षार असतं, ते खाण्याजवळ नको.

बुरशीची पांढरी-हिरवी लव एकाच कोपऱ्यात दिसली तरी सगळी बरणी टाकून द्यावी. बुरशीची काही विषं उकळल्यानेही जात नाहीत, त्यामुळे वरचं काढून खालचं वापरण्यात शहाणपण नाही.

किड्यांची गोष्ट वेगळी. फुलं नीट कोरडी असूनही महिन्या-दोन महिन्यांनी बारीक तपकिरी भुंगेरे आणि तळाशी पिठूळ भुसा दिसतो. अंडी फुलांसोबतच आलेली असतात. सुकवलेली फुलं हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना आठवडाभर ठेवली की अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. नाहीतर थंड फुलांवर हवेतलं पाणी जमतं आणि सुकवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

वासच येत नाही

गुलाबाच्या बाबतीत आधी वाण बघावा. पुष्पगुच्छातले लांब दांड्याचे गुलाब पॉलिहाऊसमध्ये दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी वाढवलेले असतात. त्यांना मुळात वास बेताचा, आणि फवारणी खाण्याचा विचार करून झालेली नसते. हीच गोष्ट फूलबाजारातल्या हाराच्या फुलांची. ती देवाला वाहावीत, चहात घालू नयेत. चहाला हवा तो गुलकंदाचा देशी गुलाब. पहाटे, फूल अर्धं उमललेलं असताना तोडावा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असतं, ते कडू, नखाने खुडून टाकावं. कपाला एक ग्रॅम सुकी पाकळी पुरते. पाणी उकळतं नको, गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी घालून झाकावं. झाकण काढल्यावर स्वयंपाकघर दरवळत असेल तर तेवढा वास कपातून गेला असं समजावं.

मोगऱ्याची तक्रार सर्वात जुनी: सुकवला की काहीच उरत नाही. उरणारही नाही. मोगरा वास साठवून ठेवत नाही, कळी उमलताना रात्री तो तयार करून हवेत सोडत राहतो. म्हणून चिनी लोक मोगऱ्याचा चहा करताना फुलं उकळत नाहीत, चहाच्या पानांना तो वास पाजतात. घरी जमतं. संध्याकाळी, त्याच रात्री उमलतील अशा टपोऱ्या पांढऱ्या कळ्या आणाव्यात. 100 ग्रॅम ग्रीन टीला 60-70 ग्रॅम कळ्या, स्टीलच्या डब्यात थरावर थर, झाकण सैल. मध्ये एकदा हलवायचं. सकाळी कळ्या पिवळ्या पडायच्या आत चाळून वेगळ्या करायच्या, त्या राहिल्या तर शिळ्या गजऱ्याचा वास चहाला लागतो. पानांनी रात्रीत ओल धरलेली असते, ती 50-60 अंशांवर अर्धा तास सुकवायची. हेच दोन-तीन रात्री नव्या कळ्या घेऊन केलं की वास मुरतो. यात कॅफीन आहे, हे लक्षात असू द्यावं. तेही नको असेल तर माठाच्या पाण्यात चार कळ्या टाकण्याची आपली पद्धत काही वाईट नाही.

कडू किंवा कच्चट चव

कॅमोमाइलला (डेझीसारखी छोटी पांढरी फुलं) 200 मिलीला दोन ग्रॅम, गरम पाणी, पाच ते सात मिनिटं, झाकण. त्यापुढे कडवटपणा. गोकर्णीला स्वतःची चव नसते, फूल शेंगवर्गातलं असल्यामुळे जास्त घातलं तर कच्च्या घेवड्याचा वास येतो. पाच ते आठ सुकी फुलं बास, सोबत गवती चहाची दोन पाती. चवीसाठी फुलं वाढवण्यात अर्थ नाही. झेंडूला कॅलेंडुला (झेंडूसारखं दिसणारं, चहात चालणारं फूल) समजून चहात घालणाऱ्यांच्या वाट्याला उग्र कडू पाणी येतं, ती दोन वेगळी झाडं आहेत.

कुणी जपून

'हिबिस्कस टी'ने रक्तदाब उतरतो असं सांगितलं जातं, त्याला थोडा आधार आहे. 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रक्तदाब किंचित वाढलेल्या 65 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे रोज 240 मिलीचे तीन कप घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सुमारे 7 ने उतरला, नुसतं रंगीत पेय घेणाऱ्यांचा सुमारे 1 ने. पण तो चहा लाल अंबाडीचा होता, जास्वंदीचा नव्हे, आणि त्यात दोन चमचे साखर नव्हती. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात जास्वंद आणि अंबाडी दोन्ही टाळावीत. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतर तासभर तरी असा चहा नको, लोह कमी शोषलं जातं. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांना कॅमोमाइल आणि शेवंतीही बाधू शकतात, ही सगळी एकाच सूर्यफूल कुळातली.

गोकर्णीचं फूलच वापरावं. मूळ आणि बिया रेचक आहेत. आणि कुंपणावरची कण्हेर, लाल, गुलाबी, पांढरी वा पिवळी, चुकूनही यात येता कामा नये. तिचा प्रत्येक भाग विषारी असून थेट हृदयावर परिणाम करतो. लहान मुलांना फुलं तोडायला पाठवलं असेल तर टोपली निवडल्याशिवाय पाण्यात टाकू नका. ओळखीचं नसलेलं एक फूल सापडलं तरी सगळी टोपली बाजूला.

तयार चहा गाळून फ्रिजमध्ये काचेच्या बाटलीत 24 तास राहतो. त्यापुढे गोकर्णीचा निळा फिका पडू लागतो, अंबाडीचा लाल तपकिरीकडे जातो. जास्त झाला असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून ठेवावा, लिंबूपाण्यात ते खडे चांगले लागतात.